नहरीतलं जास्तीचं पाऊल

माझं काम दगडांचं आहे. पुण्यातल्या एका मोठ्या गेम कंपनीत मी दगड बनवते. भिंतीचे, पायऱ्यांचे, ढासळलेल्या बुरुजांचे. बाहेरच्या देशात कुठंतरी एखादा प्रचंड खर्चाचा गेम तयार होत असतो, त्यातला एखादा किल्ला किंवा बारव आमच्या वाट्याला येते. मागं अशाच एका बारवेवर आम्ही अख्खा पावसाळा घालवला. शेवाळ ओलं दिसावं म्हणून एक माणूस फक्त शेवाळच करत होता. गेम बाजारात आल्यावर मी घरी खेळून पाहिला, माझ्याच पायऱ्या उतरून तळाशी गेले. फार सुंदर दिसत होतं सगळं. आणि तिथं उभी राहून मी मोबाइलवर भाजीची ऑर्डर देत होते.

त्यानंतर एका मैत्रिणीनं ‘खालची वाट’ नावाचा गेम पाठवला. छत्रपती संभाजीनगरच्या तिघांनी केलेला. भिंती मळलेल्या कणकेसारख्या, दिवा म्हणजे एक पिवळा ठिपका, अक्षरं इतकी बारीक की चष्मा लावून वाचायची. जमिनीखालच्या जुन्या नहरीतून, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जायचं, एवढाच खेळ. भूत नाही, रक्त नाही. फक्त तुमच्या मागून कुणीतरी चालत असतं. तुम्ही थांबलात की तेही थांबतं, पण एक पाऊल टाकून.

रविवारची दुपार होती, नवरा शेजारी बसून मटार सोलत होता, आणि डावीकडच्या एका वळणावर माझा हात पुढं जाईना. मी लॅपटॉप मिटला.

मग मी बनवणाऱ्यांना लिहिलं: नहर खरी आहे का? बघता येईल का? उत्तर आलं: ‘आहे. माझ्या मामाच्या शेतात उतरायला जागा आहे. या. पण दिवसाच जाऊ. – रूपाली.’

तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात की मोठ्या पैशानं गेम चांगला होतो की चार वेड्यांनी घरात बसून केलेला. मलाही तेच बघायचं होतं. ऑफिसात दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि निघाले.

पुणे ते बजाजनगर

वाकडेवाडीहून सकाळची एसटी धरा, उजव्या बाजूची खिडकी टाळा, ऊन त्याच बाजूनं येतं. तिकीट परवडणारं आहे. नगरच्या पुढं रस्ता मोकळा होतो आणि गाडी पळायला लागते. दिवाळी होऊन गेली होती, दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बजाजनगरला जायचं असेल तर शहरापर्यंत जाऊ नका, अलीकडे वाळूजलाच उतरा. कंडक्टरला आधी सांगून ठेवलंत तर थांबवतो. शिफ्ट सुटायची वेळ असेल तर मात्र रस्ता ओलांडायला धीर हवा. कंपन्यांच्या बसेस, मोटारसायकली, डबे लटकवलेल्या सायकली, सगळं एकदम अंगावर येतं.

रूपाली आणि तिचा भाऊ योगेश मला घ्यायला आले होते. रूपाली तिशीची, एका कारखान्यात मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचं तिचं काम. गेममधले सगळे आवाज तिचे. योगेश तिच्याहून लहान, प्रोग्रॅमिंग त्याचं. गेमसाठी त्यानं नोकरी सोडली होती. घरचे शेतकरी, खुलताबादच्या बाजूचे. ही दोघं मात्र बजाजनगरात एका लांबट दोन खोल्यांच्या घरात राहतात आणि तिथंच त्यांचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला चिकटवलेल्या गोधड्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. तरी शेजारच्या कुकरची शिट्टी येतेच.

‘‘आणि तिसरे?’’ मी विचारलं.

‘‘दत्ता,’’ योगेश म्हणाला. ‘‘चित्रं त्यानं काढली. गेम यायच्या आधीच गेला. ड्युटीवर जायला निघाला होता, ह्याच रोडवर. ट्रकनं उडवलं.’’

रूपालीनं माझ्यासमोर ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. म्हणाली, ‘‘आधी जेवा.’’

जेवणानंतर योगेशनं विषय काढला. तो माझ्या येण्याची वाट का पाहत होता, ते मला तेव्हा कळलं. एका मोठ्या कंपनीला ‘खालची वाट’ विकत हवी होती. नव्यानं, मोठ्या टीमकडून, पूर्ण खर्च करून ते ती बनवणार होते. त्यांच्या दोन अटी होत्या. मागून चालणारा शेवटी एकदा दिसायला हवा. आणि सगळे आवाज नव्यानं रेकॉर्ड होणार, कारण आहेत ते खरखरीत आहेत.

‘‘मी व्हय म्हणायलोय,’’ योगेश म्हणाला. ‘‘ही नाय म्हणायली. ताई, तुम्ही मोठ्या कंपनीत आहात, तुम्हीच सांगा हिला. लोक म्हणतात, छोट्या टीमच्या गेममध्ये जीव असतो. जीव असतोच हो! आमचाच असतो त्यात. अन् तेच लोक सेल लागायची वाट बघत बसतात.’’

मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. तो पुढं म्हणाला, की डावीकडच्या वळणावर गेम अडकतो अशा तक्रारी अजून येतात आणि ती चूक दुरुस्त करायला त्याच्याकडं वेळ नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे तिथं माझा हात अडकला की गेम? पण विचारलं नाही.

मी रूपालीला खरं तेच सांगितलं. मोठा खर्च म्हणजे नुसता दिखावा नसतो. पाणी पाण्यासारखं हलायला फार माणसं लागतात. पावलांचा आवाज आमच्याकडं चिखलात वेगळा, ओल्या दगडावर वेगळा, असा महिनोन्‌महिने करतात. तुमच्यापेक्षा स्वच्छ आवाज ते सहज करतील.

‘‘करतील की,’’ रूपाली म्हणाली. ‘‘पण दत्ताची पावलं कुठून आणतील?’’

मग तिनं सांगितलं. ती आणि दत्ता नहरीत रेकॉर्डिंग करायला उतरले तेव्हा रूपाली पुढं होती, हातात रेकॉर्डर. दत्ता मागं. तिनं हात वर केला की दोघांनी थांबायचं असं ठरलं होतं. घरी येऊन ऐकलं तर दर वेळी एक पाऊल जास्त. दत्ताला थांबायला उशीर होत होता. त्याला चिडवायचं म्हणून तिनं ते तसंच गेममध्ये टाकलं. दोनच आठवड्यांनी तो गेला.

‘‘जगातले लोक ज्या पावलाला घाबरतात ना,’’ ती म्हणाली, ‘‘ते आमच्या दत्ताचं आहे. मुंगी मारत नव्हता तो.’’



खुलताबादकडे

सकाळी योगेशच्या जुन्या गाडीतून निघालो. शहरातून दौलताबादवरून घाट चढून खुलताबाद. शनिवार-रविवारी हा रस्ता वेरूळला जाणाऱ्या गाड्यांनी तुंबतो, शक्यतो आडवारी जा. किल्ल्याजवळ रस्त्याकडेला सीताफळांचे ढीग होते. मी एक दाबून बघायला लागले तर विकणारी बाई म्हणाली, ‘‘कायको दबारे बाजी? मीठेच हैं.’’ बाजी म्हणजे ताई. आणि खरंच गोड होती. टोपलीभर घेतली.

खुलताबादच्या वेशीतून बाहेर पडल्यावर मामाच्या शेताची कच्ची वाट लागते. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. ह्या भागात जमिनीखालून पाणी नेणाऱ्या जुन्या नहरी आहेत, जागोजागी त्यांची तोंडं उघडी असतात, वरून साध्या विहिरीसारखी दिसतात. कृपा करून माझा लेख वाचून कुणी उतरू नका. आत हवा कोंडलेली असू शकते. मामांनी आम्हाला सोडण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला, बराच वेळ जळत ठेवला, मगच ‘‘जावा’’ म्हणाले. म्हणाले, ‘‘आमी नाय उतरत. पाणी शेंदतो, बास.’’

‘‘का हो मामा?’’

‘‘काय काम हाय खाली?’’ ते म्हणाले आणि मोटारीचं बटण बघायला निघून गेले.

योगेश वर काठावर बसला, दोरी धरून. रूपाली आणि मी भिंतीतल्या खाचांत पाय देत उतरलो. खाली पाणी घोट्यापर्यंत, बर्फासारखं. मी आयुष्यभर दगड बनवत आले, पण हात लावल्यावर असा परत हाताला धरणारा दगड मला कधी जमला नाही. गुळगुळीत होता आणि चिकटही. वरच्या तोंडातून येणारा उजेड दहा-बारा पावलांत संपला.

‘‘मी पुढं. तुम्ही मागं या,’’ रूपाली म्हणाली. ‘‘हात वर केला की थांबायचं.’’

आम्ही चाललो. पाण्याचा आवाज छताला लागून परत येत होता. तिच्या टॉर्चच्या उजेडात तिची पाठ तेवढी दिसत होती. तिनं हात वर केला. ती थांबली, मी थांबले.

मागं एक पाऊल पडलं.

मी सांगते तसंच झालं. मोठा आवाज नव्हता. पाण्यात पाय टाकल्यावर होतो तेवढाच. माझ्या पाठीमागं, फार लांब नाही. प्रतिध्वनी असणार हे मला माहीत होतं. प्रतिध्वनी कसा करतात हेसुद्धा मला माहीत आहे, आमच्याकडं त्यासाठी वेगळा विभाग आहे. तरी माझी मान मागं वळेना.

रूपाली वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, डोळे भरलेले.

‘‘ऐकलंत? आहे तो.’’

आम्ही परत चाललो, परत थांबलो. या वेळी काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. वर आलो तेव्हा योगेश तिथंच बसलेला, चपला कोरड्या.

‘‘तू उतरला होतास का?’’ मी विचारलं.

‘‘मी कशाला? दोरी कोण धरील?’’

मी त्याला काही सांगितलं नाही. रूपाली मात्र गाडीत बसेपर्यंत गुणगुणत होती. तिचं ठरलं होतं. विकायचं नाही. पण दत्ताचा वाटा त्याच्या आईचा, तेव्हा तिला विचारल्याशिवाय नकार कळवायचा नाही, यावर दोघा बहीणभावांचं एकमत होतं.

लासूर स्टेशन

आतल्या रस्त्यानं लासूर स्टेशन गाठलं. रस्ता मधेमधे उखडलेला आहे, छोट्या गाडीनं जपून जा. बाजार समितीच्या दारात मक्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. त्याच्यामागच्या गल्लीत दत्ताच्या आईचं घर. ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. रूपाली दिसताच उठली.

‘‘या गं बाई. लई दिसांनी.’’ माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘ह्या कोण?’’

‘‘पुण्याच्या ताई आहेत, मावशी. असेच गेम बनवतात.’’

‘‘व्हय का? माझा दत्ताबी तेच करायचा.’’

योगेशनं सगळं समजावून सांगितलं. कंपनी काय देते, तिचा वाटा किती, विकलं तर काय बदलणार. ती शेंगा फोडत ऐकत होती. मग रूपाली म्हणाली, ‘‘मावशी, मला नाही विकायचं. त्यात दत्ताची पावलं आहेत. तुम्ही कधी ऐकलंच नाही. ऐकता?’’

तिनं मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि पदरावरून हेडफोन मावशीच्या कानांवर ठेवले. मावशीनं डोळे मिटले. एक हात रूपालीच्या हातात. बाहेर मालगाडी गेली, ओटा थरथरला. मावशी हलली नाही.

‘‘कवा येतो त्यो?’’

‘‘मागं चालतोय ना, तोच. मी थांबले की कळेल.’’

ती ऐकत राहिली. ‘‘अजून एकदा लाव,’’ म्हणाली. रूपालीनं लावलं. नंतर मावशीनं स्वतःच हेडफोन काढले आणि हळूच मांडीवर ठेवले.

‘‘ह्ये माझं पोरगं नाय, बाई.’’

मग योगेश म्हणाला, ‘‘मावशी, पाण्यात आवाज बदलतो.’’

‘‘पाण्यात चालू दे नायतर गाऱ्यात. लहान असताना बैलगाडीवरनं पडला, तवापास्नं त्याचं एक पाऊल जड अन् एक हलकं. बघणाऱ्याला दिसत नव्हतं. मला ऐकू यायचं. गल्लीत शिरला की मी तवा ठेवायची. ह्येची दोन्ही पावलं सारखी हायेत.’’

रूपालीचा चेहरा बघवत नव्हता. ती म्हणाली, ‘‘पण मागं दत्ताच होता, मावशी. आम्ही दोघंच होतो.’’

‘‘आसंल की. पण मग त्यो यात का नाय?’’ मावशीनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ‘‘अन् ह्यो कोण हाय?’’

रूपालीनं आपला हात सोडवून घेतला आणि ओढणीला पुसला. का, ते तिला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. ऊन चांगलं तापलं होतं, समोर पोरं क्रिकेट खेळत होती, आणि मला नहरीतल्या त्या थंड पाण्यात पुन्हा उभं असल्यासारखं वाटलं. सकाळी माझ्या मागं पडलेलं पाऊल जड होतं की हलकं, हे मी आठवायचा प्रयत्न करत होते.

मावशीनं शेंगांची परात पुन्हा पुढं ओढली. ‘‘इकायचं तर इका. त्याच्या कामाचं पैसं येत असतील तर येऊ द्या, मी नाय म्हणणार नाय. पण त्याचं म्हणून ह्ये जपत बसू नको, रूपा. ह्यात त्यो नाय.’’ मग म्हणाली, ‘‘जेवून जावा.’’

आम्ही जेवलो. वांग्याचं कालवण होतं, चवदार असणार. मला चव आठवत नाही.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. गंगापूर फाट्याच्या अलीकडं रूपाली म्हणाली, ‘‘हो म्हणून टाक, योग्या.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. पण मूळ आवाज त्यांना देऊ नको.’’

योगेशनं मान हलवली. एवढं गरम होत असून त्यानं गाडीच्या काचा वर घेतल्या होत्या.

घरी

मला त्यांनी पुण्याच्या रस्त्यावर सोडलं, बस लगेच मिळाली. सीताफळं घरी येईपर्यंत पिकून फुटली होती. नवऱ्यानं विचारलं, ‘‘मिळालं का उत्तर?’’ मी म्हटलं, थांब, अजून गेम यायचाय.

तो यायला बराच काळ गेला. आता आलाय, आणि मी तो मोठ्या पडद्यावर खेळले. खोटं कशाला बोलू, अप्रतिम झालाय. दगड माझ्यापेक्षा चांगले केलेत. पाणी बघून मी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. डावीकडच्या वळणावर काही अडकत नाही. अक्षरं मोठी आहेत, त्यामुळं माझ्या सासूबाईसुद्धा थोडा खेळल्या. फक्त तुम्ही थांबलात की मागचाही त्याच क्षणी थांबतो. जास्तीचं पाऊल कुणाला तरी चूक वाटली असणार आणि कुणीतरी ती निगुतीनं दुरुस्त केली असणार. आमच्याकडंही केली असती. शेवटी तो दिसतो तेव्हा त्याचा चेहरा फार मेहनतीनं केलाय. मी चहा घेत घेत एका संध्याकाळी गेम संपवला. ‘खालची वाट’ मी अजून संपवू शकलेली नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. छोटा गेम जेवढ्या लोकांनी खेळला असेल, त्याच्या कितीतरी पट लोक हा खेळतायत. योगेशनं लासूरला जाऊन मावशीला शेवटची श्रेयनामावली दाखवली. दत्ताचं नाव आल्यावर तिनं त्याला ती तिथंच थांबवायला लावली, आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून आणलं. तिच्या घरावर आता पत्र्याऐवजी स्लॅब आहे. हे घोट्याएवढ्या पाण्यातून झालं नसतं. तेव्हा कोणता गेम चांगला, हे तुम्ही मला विचारलंत तर मी दोन्हींची नावं सांगीन आणि कोणता एकट्यानं खेळू नका तेही सांगीन.

मागच्या आठवड्यात रूपालीचा फोन आला. दुपारी, कारखान्यातून. मागं मशीनचा आवाज येत होता. म्हणाली, मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐकतेय.

‘‘मावशीनं मागच्या पावलांबद्दल सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्यांबद्दल मी विचारलंच नाही.’’

‘‘पुढची तुझी ना?’’

‘‘मला तसंच वाटत होतं. पण आता नीट ऐकलं तर पुढच्यांतलंच एक जड आहे, एक हलकं. अगदी थोडंसं. मी तशी चालत नाही, ताई. आणि रेकॉर्डर माझ्या हातात होता, म्हणजे जवळची पावलं माझीच असायला हवीत.’’ तिनं आवाज खाली आणला. ‘‘मागची माझी असतील, तर शेवटी थांबणारी मी. मग दत्ता माझ्या पुढं कधी गेला?’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, ‘‘त्या दिवशी तुम्ही माझ्या मागून चालला होतात. माझी चाल तुम्ही ऐकलीय. फाइल पाठवते. मागची माझी आहेत का, एवढंच सांगा.’’

फाइल आली. मी ती ऑफिसात ऐकली, भर दुपारी, सगळे दिवे लावलेले असताना. तीनदा ऐकली. मग तिला कळवलं की पुढची पावलं तुझीच आहेत, स्पष्ट ओळखू येतायत, काळजी करू नकोस.

तिचं उत्तर आलं: ‘बरं झालं विचारलं.’

मला काहीही ओळखू आलं नव्हतं.